लोखंडाला कसला सोमवार

शांतम्माच्या बागेत सोमवारी नांगर चालत नसे. तसा तो अख्ख्या शिवारातच चालत नसे. सोमवार बसवण्णाचा वार, त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बाकीच्यांच्या दावणीला बैल होते. शांतम्माकडं होतं ते दोन चाकांचं, मागून दोन दांडे धरून चालवायचं एक जुनं इंग्रजी यंत्र, बागेपुरता छोटा ट्रॅक्टर. आणि तिनं त्यालाही सोमवारची सुट्टी दिलेली. गाव हसायचं. ‘हसू दे की,’ ती म्हणायची, ‘दात त्यांचं, हसनं त्यांचं. माजं काय जातंय?’

हे यंत्र मूळचं सोलापुरातल्या एका गिरणीच्या गोऱ्या साहेबाचं. शांतम्माचा नवरा शिवयोगी त्या साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्यानं घोडा एका व्यापाऱ्याला विकला, कुत्रा एका डॉक्टराला दिला आणि हे यंत्र शिवयोगीच्या हवाली केलं. सोबत चित्रांचं एक पुस्तक. शिवयोगीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण चित्रं येत होती. होटगी रस्त्याच्या कडेनं ते धूड धडधडत गावात शिरलं, तेव्हा कोणीतरी ओरडलं, ‘सायबाचा रेडा आला रं!’ तेव्हापासून त्याचं नाव रेडा. शिवयोगीला राग आला होता. शांतम्मा म्हणाली, ‘रेडा तर रेडा. कामाला लागला म्हंजे झालं.’

आणि रेडा कामाला लागला. तो पेट्रोलवर उठायचा आणि रॉकेलवर चालायचा. नांगरायचा, सरी पाडायचा, विहिरीवर उभा केला की पट्ट्यानं पंप ओढायचा, उन्हाळ्यात कडबा कापायचा. त्याचे रबरी टायर झिजले, तसले परत मिळेनात, तेव्हा शिवयोगीनं बैलगाडीला धाव बसवणाऱ्या लोहाराकडून लोखंडी चाकं करून घेतली. पट्टा तुटला तर गिरणीतल्या टाकाऊ पट्ट्याचा तुकडा चांभाराकडून शिवून आणला. एवढ्यावर तो थांबला नाही. तीन एकरांत त्यानं लिंबाची बाग लावली, ती रेड्याच्या मापानं. दोन ओळींत अंतर इतकं बेताचं की रेडा अंग चोरून नीट जाईल, पण बैलांची जोडी शिरली तर दोन्ही बाजूंनी काट्यांनी सोलून निघेल. गावानं त्यालाही नावं ठेवली. झाडं मात्र फळांनी लदलदली.

एकदाच काय तो शिवयोगीचा उत्साह अंगाशी आला. जेठातली कारहुणवी म्हणजे त्या भागातला बैलांचा सण. बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, झुली घालून वाजतगाजत वेशीतून पळवायचे. त्या वर्षी शिवयोगीनं रेड्याचे दोन्ही दांडे लाल रंगवले, त्यांना गोंडे बांधले आणि तो बैलांच्या मागं वेशीत उभा केला. त्याचा थोरला भाऊ महादेवप्पा गावातला वजनदार माणूस. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळ्यांदेखत त्यानं गोंडे ओढून काढले. ‘लोखंड हाय हे, बैल न्हाय. लोखंडाला कसली कारहुणवी? ने माघारी.’ शिवयोगी गरीब स्वभावाचा. त्यानं रेडा वळवला. शांतम्मा दारात उभी होती. नवऱ्याचं ते उतरलेलं तोंड कधी विसरायचं नाही असं तिनं ठरवलं, आणि ती विसरली नाही.

त्यानंतर मग शिवयोगीनं सोमवार जास्तच कडक पाळायला सुरुवात केली. वेशीत घेत नाही ना, नका घेऊ, आपल्या घरी तरी त्याला बैलाचा मान मिळेल, असा त्याचा हिशेब असावा. पण त्या मानातून भलताच फायदा झाला. सोमवारी रेडा शेडमध्ये उभा आणि नवरा-बायको त्याच्याभोवती. तो उघडायचा, ती हातात पाना द्यायची. प्लग तारेनं खरवडायचा. हवेच्या डब्यातला काथ्या धुवून, तेलात बुडवून परत बसवायचा. रॉकेल भरायचं ते जुन्या धोतराच्या तलम तुकड्यातून गाळून. एकेक नट हातानं चाचपायचा. काढलेला भाग घोंगडीवर डावीकडून उजवीकडं मांडायचा आणि बसवताना उजवीकडून डावीकडं उचलायचा, म्हणजे डोक्याला ताप नाही. सगळं झालं की शेडच्या फळीवर खिळ्यानं एक रेघ. गावात त्यानंतर आलेले दोन मोठे ट्रॅक्टर पाच-सहा वर्षांत खिळखिळे होऊन बसले. रेडा फळीवरच्या रेघा वाढवत राहिला.

एकाहत्तर साली काविळीनं शिवयोगी गेला. दिवस झाले, पाव्हणे गेले, आणि पहिल्याच सोमवारी शांतम्मा पाना घेऊन शेडमध्ये गेली. त्या दिवशी ती खूप रडली, पण रडत रडतच तिनं प्लग साफ केला. तेरा आठवड्यांनी तिनं दोरी ओढून रेडा उठवला आणि स्वतः दांडे धरले. बाईमाणसानं यंत्र धरलं म्हणून बांधावर माणसं जमली. शांतम्मानं त्यांना विचारलं, ‘बघताय काय? तुमच्या घरात बाया काय बसून खात्यात व्हय?’ माणसं पांगली.

मग दुष्काळ आला. बहात्तरचा पाऊस गेलाच. दावणीच्या दावणी छावणीला गेल्या, माणसं खडी फोडायला गेली. शांतम्माही गेली. पहाटे उठून ती विहिरीच्या तळाचं पाणी घागरीनं वर काढायची, झाडाला तांब्या तांब्या घालायची आणि मग हातोडा घेऊन कामावर जायची. झाडं तिनं जगवली. रेडा मात्र उभाच होता. नांगरायला ओल नव्हती आणि रॉकेल चुलीलाही मिळत नव्हतं. तरी तिचा सोमवार चुकला नाही.

अशाच एका सोमवारी तिनं इंजिनातलं काळंकुट्ट झालेलं तेल काढून टाकलं. नवं तेल सोलापुरात कुठंच मिळेना. चार दुकानं फिरली, चारी दुकानदारांनी हात हलवले. रेडा कोरडा ठेवला तर गंजणार, हे तिला दिसत होतं. घरात मडक्यात करडईचं तेल होतं, तिचं वर्षाचं बेगमीचं. गाडीच्या आसाला, दाराच्या बिजागरीला, लेकराच्या टाळूला त्या मुलखात जे तेल घालतात ते हेच. तिनं ते सगळं इंजिनात ओतलं. प्लग काढून वरनंही एक पळी सोडली, चाक दोनदा फिरवून तेल सगळीकडं पोचवलं आणि समाधानानं रेघ मारली. त्या उन्हाळ्यात तिनं शेंगाची चटणी कोरडीच खाल्ली.

जीव लावून केलेली चूक ती. पण चूक ती चूकच, आणि फार मोठी.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये पाऊस चांगला लागला. शांतम्मानं रॉकेल पैदा केलं, दोरी गुंडाळली आणि ओढली. दोरी जागची हलेना. चाकाला दोन्ही हात लावले, पाय रोवून जोर केला. दगड. तिनं प्लग काढून आत बोट घातलं तर बोटाला पिवळट, चिवट, चिकट साल लागली. तिनं ते नाकाशी नेलं. हा वास तिच्या ओळखीचा होता. तिच्या माहेरी मोट होती. मोटेच्या कातड्याला पाणी धरू नये म्हणून करडईचं तेल आटवून त्याचं रोगण लावायचे, ते वाळलं की कातडं फळकुटासारखं व्हायचं. पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने सोलापूरचा उन्हाळा खाऊन तिच्या तेलाचंही तेच झालं होतं. ‘मीच मारला गं बाई,’ ती स्वतःशीच म्हणाली, ‘माज्या हातानं मारला.’

बातमी महादेवप्पापर्यंत जायला वेळ लागला नाही. सातबारा दोघा भावांच्या नावचा सामाईक होता, आणि शिवयोगी नसताना बागेचं थोरलेपण आपल्याकडं आलं, असं त्याचं म्हणणं. तो पंच चनबसप्पाला सोबत घेऊनच आला.

‘शांतम्मा, रेडा मेला म्हणं.’

‘आडकलाय. मेला न्हाय, भावजी.’

‘तेच ते. जमीन नांगरल्याबिगर ठेवता येत न्हाय. माजी बैलं हायत, पर ती ह्या ओळीत शिरत न्हाईत. एकाआड एक ओळ काढून टाकतो. निम्मी झाडं ऱ्हातील, औत बी चालंल. लोखंड भंगारात दे.’

निम्मी झाडं. शांतम्माच्या डोळ्यांपुढं तांब्या तांब्या घातलेलं पाणी आलं. ‘ब्याड,’ ती म्हणाली. नको म्हणजे नको. मग चनबसप्पाकडं वळून म्हणाली, ‘काका, मला मुदत द्या. रेडा चालला तर झाडाला हात लावायचा न्हाय. न्हाय चालला तर मी आडवी येनार न्हाय.’

चनबसप्पानं दोघांकडं पाहिलं. श्रावणात कोणी हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही, तेव्हा श्रावण लागायच्या आत काय ते ठरवायचं, असं त्यानं सांगितलं. महादेवप्पानं मान हलवली. पाच आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी शांतम्मा शुक्रवार पेठेतल्या एका मिस्त्रीकडं गेली. तो बिचारा भला माणूस, एवढ्या लांब सायकलवर आला. त्यानं आत वाकून बघितलं आणि घण मागितला. ‘ठोकूनच निघंल. निघता निघता फुटला तर फुटला. ह्याचे भाग आता विलायतेत बी मिळायचे न्हाईत, मावशी.’ शांतम्मानं त्याला चहा पाजला आणि घण शेडबाहेर ठेवायला लावला. संध्याकाळी भाकरी करताना तिची नजर तेलाच्या बुधलीवर गेली. बुधलीच्या गळ्याला करडईच्या तेलाचा पिवळा, चिकट थर बसला होता. तोच तो. आणि हा थर ती वर्षातून दोनदा काढत होती की! त्याला कधी घण लागला नव्हता. लागायचं ते कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि दम. शांतम्माला स्वतःचाच राग आला. लोखंड म्हटलं की मिस्त्री आठवतो, स्वतःची चूल आठवत नाही म्हणजे काय!

आधी इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सुटायला हवा होता. तिनं प्लगच्या भोकातून रॉकेल सोडलं आणि इंजिनाला कढत पाण्याच्या फडक्यांनी शेक द्यायला सुरुवात केली, गुडघा धरलेल्या माणसाला देतात तसा. सकाळ-संध्याकाळ शेक, मग चाकाला हात. जोर करायचा नाही, नुसतं विचारायचं. अकराव्या दिवशी चाक बोटभर हललं. शांतम्मा मोठ्यानं हसली, शेडमध्ये एकटीच. सतराव्या दिवशी ते पुरतं फिरलं.

मग तिनं घोंगडी अंथरली आणि साहेबाच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवून रेडा पहिल्यांदाच पुरता उघडला. डावीकडून उजवीकडं. अंगणातल्या चुलीवर न्हाणीचा हंडा चढला, त्यात सोडा पडला आणि एकेक लोखंडी भाग त्यात उकळायला लागला. दट्ट्या मात्र पांढऱ्या, हलक्या धातूचा होता. तिनं तो हातात तोलला आणि बाजूला ठेवला. जर्मनच्या पातेल्याला सोडा लागला की ते काळं पडतं, चरतं, हे कुठल्या बाईला सांगावं लागत नाही. दट्ट्या तिनं रॉकेलात भिजवून, चिंधीनं पुसून पुसून साफ केला. बायका डोकवायच्या. ‘काय शिजवलंस गं, शांतम्मा?’ ‘रेड्याची भाजी. बसा, वाडते.’

सगळं निघालं, पण इंजिनाच्या तळच्या तेलाच्या खोक्याच्या सांध्यातली पुठ्ठ्याची चकती फाटली. ती कुठं मिळणार? शांतम्मानं लग्नातल्या शालूच्या खोक्याचा जाड पुठ्ठा कापला, जुन्या चकतीवर ठेवून भोकं पाडली. आणि सांध्यातून तेल गळू नये म्हणून त्याला दोन्ही बाजूंनी काय लावलं, तर करडईचं रोगण. स्वतः आटवून केलेलं. ‘लई चिवट हायस न्हवं? मग ऱ्हा आता हितं,’ तिनं त्याला बजावलं. आवळल्यावर ते वाळायला एक रात्र हवी होती. रविवारी दुपारी तिनं शेवटचा नट आवळला आणि या वेळी सोलापुरातून मिळवलेलं इंजिनाचंच तेल भरलं. सोमवारी अमावस्या, मंगळवारी श्रावण.

सोमवारी सकाळी करवतीच्या आवाजानं ती धावत बाहेर आली. महादेवप्पा दोन लाकूडतोड्यांना घेऊन बागेत उभा होता, चनबसप्पा आणि चार माणसं बांधावर. दुसऱ्या ओळीतल्या पहिल्याच झाडाच्या बुंध्यात करवत दोन बोटं शिरली होती.

‘थांबवा!’ शांतम्मा ओरडली. ‘मुदत आजचा दिस हाय.’

‘हाय की,’ महादेवप्पा शांतपणे म्हणाला. ‘दाव मग चालवून. पर आज सोमवार. वीस-बावीस वर्सं तुमी दोगांनी ह्याचा सोमवार पाळला, आख्ख्या गावाला ठावं हाय. आज नांगर घालनार व्हय तू? बसवण्णाच्या वारी?’

म्हणूनच त्यानं हा दिवस धरला होता. रेडा सुटलाय हे त्याच्या कानावर गेलंच असणार. शिवयोगीनं मरेपर्यंत जो वार मोडला नाही, तो मोडायचा? तिनं बुंध्यातल्या त्या ओल्या, पांढऱ्या जखमेकडं पाहिलं. मग तिला वेस आठवली, ओढून काढलेले गोंडे आठवले, आणि नवऱ्याचं तोंड आठवलं. तिचा आवाज एकदम खाली आला.

‘भावजी, कारहुणवीला वेशीत काय म्हणाला हुता? चनबसप्पाकाका, तुमी हुता तितं. लोखंड हाय हे, बैल न्हाय, असंच म्हणाला हुता न्हवं?’

चनबसप्पानं हळूच मान हलवली. ‘म्हणाला हुता.’

‘मग? लोखंडाला कसला सोमवार?’

ती शेडमध्ये गेली. दोरी गुंडाळली. पहिल्या ओढीला काहीच नाही. दुसऱ्या ओढीला रेडा खोकला. तिसऱ्या ओढीला चाक उलटं फिरलं, दोरीचा हिसका बसून तिचं मनगट सणकलं, आणि बांधावर कोणीतरी हसलं. शांतम्मानं पदर खोचला. चौथ्यांदा तिनं दोरी ओढली ती दुष्काळासकट, खडी फोडलेल्या दोन्ही हातांनी. रेडा उठला. आधी निळा धूर, मग अडखळत, मग तोच जुना धडधडाट. तो आवाज ऐकून तिचे डोळे भरले, पण पुसायला हात मोकळे नव्हते. दांडे धरून ती सरळ दुसऱ्या ओळीकडं निघाली. लाकूडतोड्यानं करवत काढून घेतली आणि बाजूला उडी मारली. जखमी झाडाला घासून रेडा ओळीत शिरला, फाळ खाली गेला, काळी ओली माती दोन्हीकडं उलटत गेली. ओळीच्या टोकापर्यंत. आणि परत.

ती परत आली तेव्हा लाकूडतोडे करवत खांद्यावर टाकून उभे होते. चनबसप्पानं त्यांना जायला सांगितलं. महादेवप्पाचं तोंड काळवंडलं होतं.

‘सोमवार मोडलास तू.’

‘मोडला. उद्या मंगळवारी भरून देते. झाडं तोडल्यावर कोन भरून देनार हुतं, तुमी?’

‘आन् आता वेशीत आनू नकोस कदी. तूच म्हणालीस लोखंड.’

‘न्हाय आनत. तुमची वेस तुमालाच लखलाभ.’

मंगळवारी वाफसा इतका सुंदर होता की अख्खं शिवार औतांनी भरून गेलं. शांतम्माच्या एकवीस ओळी नांगरायच्या बाकी होत्या. तरी रेडा शेडमध्ये उभा राहिला आणि ती त्याच्याशेजारी घोंगडी अंथरून प्लग खरवडत बसली. जाणारे-येणारे थांबून बघत होते. तिनं झाडाच्या जखमेला शेणमाती लिंपली, फळीवर रेघ मारली आणि बुधवारी पहाटे नांगर धरला.

पुढच्या कारहुणवीला वाजंत्री तिच्या फाटकावरून वेशीकडं गेली आणि दुपारी परत आली. महादेवप्पाची बैलजोडी सगळ्यांत मागं होती. फाटकाशी तो थांबला. हातात शिंगांच्या लाल रंगाची डबी होती. ती त्यानं बांधावर ठेवली आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, ‘उरलाय थोडा. लाव तुज्या रेड्याला.’

‘ठेवा तितंच,’ शांतम्मा म्हणाली.

तो गेल्यावर तिनं शेडचं दार उघडलं. रेडा बाहेर आला आणि लिंबाच्या दुसऱ्या ओळीतून पळत सुटला, करवतीची खूण असलेल्या झाडापर्यंत आणि परत. त्याचे दोन्ही दांडे लालभडक होते. नवी कोरी डबी तिनं आठ दिवस आधीच आणली होती आणि सकाळीच सगळी संपवली होती. महादेवप्पाची डबी बांधावरच वाळून गेली.